हलूनका मैदानावर जातात

माझ्या धाकट्या दिरांना सगळे ‘हलूनका’ म्हणतात. तोंडावर म्हणतात. त्यांना राग येत नाही, कारण कामाच्या वेळात ते दुसरं काही बोलतच नाहीत.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. ओळखपत्राचे, परवान्याचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो. गिऱ्हाईक आलं की त्याला निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवायचं, हनुवटी दोन बोटांनी उचलायची, मागे येऊन कॅमेऱ्याला डोळा लावायचा, गिऱ्हाईक श्वास धरतंय हे दिसेपर्यंत थांबायचं, आणि मग झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसं म्हणायचं, ‘हं... हलू नका.’ खट. झालं काम.

एकदा मी त्यांना विचारलं, “भाऊजी, माणूस आधीच थांबलेला असतो. मग हलू नका कशाला?”

ते म्हणाले, “वहिनी, ते मी त्याला सांगत नाही. बोटाला सांगतो. ते बोलल्याशिवाय माझं बोट दाबतच नाही.”

मी हसले आणि विसरून गेले. पुढचा सगळा घोळ त्याच वाक्यात बसलेला होता, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला खार म्हणतात, कारण लहानपणी ती एका जागी ठरत नसे. ठरायची ती फक्त बापाच्या कॅमेऱ्यासमोर. नवा दिवा आला, नवी लेन्स आली, की चाचणी हिच्यावर. ‘हं, हलू नको’ म्हटलं की आमची खार दगड व्हायची, पापणीसुद्धा लवत नसे. माझ्या जाऊबाईंनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. पायातला काटा काढायचा असो, नखं कापायची असोत, त्या स्टुडिओच्या दाराशी येऊन म्हणायच्या, “अहो, जरा बोला हो ते तुमचं.” भाऊजी आतूनच बोलायचे आणि काटा निघायचा.

तर या खारीचे फोटो घरात रग्गड. दर वाढदिवसाचा एक, जिन्याच्या भिंतीवर ओळीने लावलेले. सगळ्यांत मागे निळा पडदा आणि नजर सरळ समोर. जिना चढताना वाटतं, या मुलीने वर्षानुवर्षं काहीतरी गुन्हा केला आहे आणि पोलिसांनी दरवेळी नव्याने धरून आणलं आहे.

यंदा तिचं कॉलेज संपत होतं. एका संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, “बाबा, माझा एक फोटो काढून द्याल?”

“ये की. बस स्टुलावर.”

“बसून नाही. खेळताना. हा मोसम संपला की मी परत गोलात उभी राहणार नाही. नोकरी लागली की खेळ संपलाच. एवढे फोटो आहेत माझे, पण मी कशी आहे ते एकातही नाही.”

भाऊजींनी कप खाली ठेवला. “मोसम कधी संपतो?” एवढंच विचारलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. गिऱ्हाइकाने फोटो परत केल्यावर होतो तसा झाला होता.

ती लॅक्रॉस खेळते. मला हा खेळ काय ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून मीही भाऊजींबरोबर मैदानावर गेले. प्रत्येकीच्या हातात एक काठी, काठीच्या टोकाला छोटी खोलगट जाळी. चेंडू त्या जाळीत झेलायचा, जाळीतच घेऊन पळायचं आणि जाळीतूनच गोलात मारायचा. लांबून बघाल तर फुलपाखरं पकडायला निघालेल्या मुलींचं वाटेत भांडण झालंय असं वाटेल. जवळ गेलात की तो रबरी चेंडू कानाजवळून जातो आणि फुलपाखरं विसरायला होतात. आमची खार गोलरक्षक. शिरस्त्राण, त्याला पुढे जाळी, छातीवर जाड कवच, पायांना गाद्या.

भाऊजींनी त्या दिवशी शंभरावर फोटो काढले. घरी येऊन संगणकाच्या पडद्यावर लावले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “धुकं होतं का हो?”

मुली म्हणजे रंगाचे ओघळ. एका फोटोत काठी सापडली होती, पण धरणारी सापडली नव्हती. खारीचे जे होते त्यांत गोलाची जाळी अशी स्वच्छ, की तिच्या गाठी मोजाव्यात, आणि जाळीमागे कोणीतरी उभं आहे असा संशय.

“कॅमेरा बिघडलाय,” भाऊजी म्हणाले.

कॅमेरा कशाला बिघडतोय. त्याच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. स्टुडिओत दिवे बसवले त्या दिवशी त्यांनी बटणं एकदा लावली, आणि पुन्हा हात लावला नाही. ते पुस्तक मी वर नेलं, चष्मा लावून वाचलं आणि खाली येऊन सांगितलं, “भाऊजी, तुमच्या कॅमेऱ्यातला पडदा फार वेळ उघडा राहतो. बसलेल्या माणसाला चालतं ते. धावणाऱ्या मुलीला सेकंदाचा हजारावा भाग लागतो.”

“हजारावा?” ते म्हणाले. “तेवढ्यात उजेड आत शिरतो तरी का?”

प्रश्न चांगला होता. उत्तरासाठी पुन्हा मैदानावर गेलो. दुपारच्या उन्हात हजारावा भाग पुरला, पण सूर्य डोक्यावर असल्यामुळे शिरस्त्राणाखाली खारीच्या डोळ्यांच्या जागी काळी भोकं. मग सराव उशिरा असेल तेव्हा जायचं ठरलं. सूर्य पाठीशी घेऊन बसलं की कललेलं ऊन थेट शिरस्त्राणाच्या जाळीच्या आत, चेहऱ्यावर पडतं. ढग असले तर आणखी बरं. गोलाच्या मागे उभं राहिलं की कॅमेरा आधी गोलाची जाळीच पकडतो, आणि चेंडू लागायचा धोका तो वेगळाच. म्हणून गोलाच्या बाजूला, रेषेबाहेर, थोडं पुढे बसायचं. उभं राहून काढलं तर मुली बुटक्या दिसतात आणि मागे नुसतं गवत येतं. म्हणून भाऊजींनी स्टुडिओतलं लहान मुलांचं ठेंगणं स्टूल उचलून आणलं. त्यावर ते गुडघे कानांशी घेऊन बसले की मुली हसायच्या.

“हलूनका काका, उठता येईल ना?”

“तुम्ही आधी नीट पळा. मग माझं बघा.”

मागे काय येतं याचं त्यांना भारी वेड लागलं. सायकलींची रांग, पाण्याची टाकी, कोणाचं तरी वाळत घातलेलं जाकीट, सगळं त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. निळ्या पडद्याची सवय, दुसरं काय.

तरी हवा तो क्षण हुकतच होता. चेंडू गोलात गेल्यावर खट. खारीने अडवून झाल्यावर खट. शेवटी मीच म्हटलं, “तुम्ही चेंडू बघताय. तो तुम्हाला दिसतो तोवर निघून गेलेला असतो. आधी काय होतं ते बघा.”

ते दोन-तीन सराव नुसते बसून राहिले, कॅमेरा मांडीवर ठेवून. मग एकदा घरी येताना म्हणाले, “वहिनी, पळताना त्या काठी सारखी झुलवतात, बघितलंत? पाळणा हलवतात तशी. चेंडू जाळीत राहावा म्हणून. पण मारायच्या आधी झुलणं थांबतं. एवढंसंच. श्वास धरल्यासारखं.”

आता इथे त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. माणूस थांबायचा क्षण ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्या दिवसापासून फोटो येऊ लागले. चेंडू जाळीतून सुटताना, दात आवळलेले, केस आडवे. मुली मागे लागल्या, काका माझा, काका माझा. खारीचा तेवढा मनासारखा येत नव्हता. तिच्या चेहऱ्यावर काठीची सावली पडे, नाहीतर मध्ये कोणाचा तरी खांदा येई.

मग आला मोसमातला मोठा सामना. समोरच्या संघाला मोकळा फटका मिळाला. म्हणजे काय, तर नियम मोडला की समोरच्या एका मुलीला गोलासमोर एकटीला उभं करतात, शिट्टी होईपर्यंत मैदानावर कोणी हलायचं नाही, शिट्टी झाली की तिने पळत येऊन मारायचं. बाकीच्या दूर. सगळीकडे शांतता. भाऊजी ठेंगण्या स्टुलावर, खारीपासून चार पावलांवर.

शिट्टी झाली. ती मुलगी काठी झुलवत आली. झुलणं थांबलं.

आणि भाऊजी म्हणाले, “हं... हलू नका.”

मोठ्याने नाही. नेहमीसारखंच, बाळाजवळ बोलावं तसं. पण मला लांब बाकावर कळलं, कारण आमची खार दगड झाली. हात अर्धा उचललेला, मान ताठ. चेंडू तिच्या काखेखालून आत गेला आणि ती तशीच उभी.

सामना त्या एका गोलाने गेला. मैत्रिणींना वाटलं ती घाबरली. त्यांच्या कोच, उंच, कोरड्या बाई, एवढंच म्हणाल्या, “झोपली होतीस का?” खारीने शिरस्त्राण काढलं. बाबा बोलले म्हणून मी हलले नाही, हे कोणाला सांगणार?

घरी आल्यावर सांगितलं.

“बाबा, तुम्ही बोललात.”

“मी? मी काय बोललो?”

“बोटाला बोललात.”

भाऊजींना खरंच माहीत नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, “जित्याची खोड.” मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं, पण उशीर झाला होता.

खार म्हणाली, “पुढच्या सामन्याला येऊ नका. शेवटचा आहे. फोटो नको मला.” आणि जिना चढून वर गेली, आपल्याच फोटोंच्या ओळीजवळून.

फोटो निघाला होता, हे कोणी तिला सांगितलं नाही. अगदी स्वच्छ आला होता. चेंडू गोलात शिरतोय आणि ती समोर बघतेय, जिन्यातल्या फोटोंसारखी. भाऊजींनी तो पुसून टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ते स्टुडिओच्या पायरीवर बसून रस्त्याचे फोटो काढायला लागले. न बोलता काढायचे, हा सराव. जमेना. एक सायकलवाला वळणावर आला, यांच्या तोंडून ‘हं, हलू नका’ निघालं आणि तो बिचारा पाय टेकून थांबला. “काय झालं?” म्हणाला. मग त्यांनी लेन्सचं काळं झाकण काढून दातांत धरलं. झाकण दातांत असलं की शब्द बाहेर येत नव्हते, पण बोटही दाबत नव्हतं. कुत्री येऊन गेली, दुधाची गाडी येऊन गेली, भाऊजी झाकण चावत बसलेले. हळूहळू बोट एकटं चालायला लागलं. स्टुडिओत मात्र पंचाईत झाली. गिऱ्हाइकांना कोणी ‘हलू नका’ म्हणेना, त्यामुळे त्यांना कधी थांबायचं ते कळेना, आणि निम्म्या ओळखपत्रांवर डोळे मिटलेली माणसं गेली. एक बाई फोटो घेऊन परत आल्या. “अहो, यात मी वारलेय,” म्हणाल्या.

खारीने ते झाकण पाहिलं. कडेला दातांच्या खुणा उठलेल्या. ती ते बराच वेळ हातात फिरवत होती. मग म्हणाली, “हे किती दिवस?”

भाऊजी म्हणाले, “जमत आलंय. तू म्हणशील तर लांब बसेन. अगदी लांब.”

“तुमचं जमून काय उपयोग? उद्या दुसरं कोणी म्हणालं तर? बाहेरच्या बाकावरून कोणी कोणाला म्हणालं, अगं हलू नको, तरी मी पुतळाच होणार. खोड तुमची एकट्याची नाहीये.” तिने झाकण त्यांच्या हातात दिलं. “चला मागे अंगणात. आई, तू चेंडू टाक. बाबा, तुम्ही बोला.”

“मी?” जाऊबाई म्हणाल्या. “मला काय येतंय त्यातलं?”

“काठी झुलव आणि फेक. माझा पाळणा हलवलास ना?”

मी वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले. असं काही पाहायला मिळत नाही रोज. जाऊबाई पदर खोचून काठी झुलवत येणार, झुलणं थांबलं की भाऊजी म्हणणार ‘हं, हलू नको’, आणि चेंडू धप्पकन खारीच्या छातीवरच्या कवचावर. ती दगड. पुन्हा. पुन्हा दगड. मला कुतूहल वाटलं की हे शरीरात शिरतं कुठून, म्हणून मी नीट पाहायला लागले. आधी मान ताठ व्हायची, मग मनगट, शेवटी गुडघे. काही दिवसांनी गुडघे सुटले. मग मनगट. मान राहिली.

“मान अजून अडतेय,” मी वरून सांगितलं.

“काकू, तू खाली येऊन उभी राहा बरं गोलात.”

“मला चांगलं दिसतंय इथून.”

जाऊबाईंचा नेम दरम्यान इतका सुधारला, की माझ्या न्हाणीघराच्या खिडकीची काच गेली. एका संध्याकाळी भाऊजी ‘हं, हलू नको’ म्हणाले आणि खारीने आडवी झेप घेऊन चेंडू जाळीत घेतला. जाऊबाईंनी काठी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आता काटा काढायची पंचाईत.”

खार हातमोजे काढत म्हणाली, “या तुम्ही सामन्याला. पण झाकण तोंडात ठेवा. कोचनी तुमचं ते ऐकलं तर मला बाहेर बसवतील.”

शेवटचा सामना. भाऊजींनी सकाळपासून जागा पाहून ठेवली. सूर्य पाठीशी, गोलाच्या बाजूला, ठेंगणं स्टूल. समोर, गोलाच्या पलीकडे, नुसती हिरवी कड आणि आभाळ. सायकली हलवायला लावल्या होत्या. आम्हा दोघींना त्यांनी एका झाडाखाली खुर्च्या मांडून दिल्या आणि बजावलं, “इथून उठू नका. पलीकडे गेलात तर माझ्या फोटोत याल.”

बसलो. पण झाडाखाली मुंग्या होत्या, तांबड्या. बजावणाऱ्याने कधी मुंग्यांवर बसून पाहिलं आहे का? आम्ही खुर्च्या उचलल्या आणि जिथे मोकळं दिसलं तिथे जाऊन बसलो.

सामना संपत आला तेव्हा पुन्हा मोकळा फटका. पुन्हा तीच शांतता. भाऊजींच्या दातांत झाकण, डोळा कॅमेऱ्याला. खारीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर समोर वळवली. जाऊबाईंनी माझा हात धरला.

शिट्टी झाली. मुलगी काठी झुलवत आली. झुलणं थांबलं. आणि झाकण गवतात पडलं.

“हं... हलू नका.”

खार गेली. डावीकडे, जमिनीला जवळजवळ समांतर, आणि चेंडू तिच्या जाळीत अडकून बसला. मग काय गलका झाला तो मी सांगत नाही. सामना आम्ही हरलोच, आधीचे गोल होतेच ना. कोच मात्र तिच्या शिरस्त्राणावर थाप मारून गेल्या.

घरी फोटो पडद्यावर लावला. भाऊजी म्हणाले, “वाया गेला.”

वाया कसला? खार हवेत, पाय जमिनीवर नाहीत. शिरस्त्राणाच्या जाळीआड ऊन पडलेलं आणि तिचे डोळे असे, की मी बावीस वर्षांत पाहिले नव्हते. काठीचं टोक थोडं ओघळलं आहे, एवढंच. पण तिच्या मागे, जिथे हिरवी कड आणि आभाळ हवं होतं, तिथे दोन खुर्च्या. खुर्च्यांवर आम्ही दोघी जावा. सगळं मैदान उठून ओरडतंय, आणि आम्ही पाठीचा कणा सरळ, हनुवटी उचललेली, नजर समोर, श्वास धरून बसलोय. ओळखपत्राला द्यावं तसं.

“तुम्हाला मी झाडाखाली बसवलं होतं,” भाऊजी म्हणाले.

“मुंग्या होत्या,” जाऊबाई म्हणाल्या.

“कापतो मी. उजवीकडून इतकं घेतलं की दोघी जातील.”

“कापू नका,” खार म्हणाली. ती खुर्चीच्या पाठीवर हात टेकून पडद्याकडे वाकली होती. “राहू दे त्यांना. त्यांच्यामुळे तर कळतंय, मी हललेय ते.”

जिन्याच्या भिंतीवर ओळीच्या शेवटी तो लावला आहे, बाकीच्यांपेक्षा मोठा. येणारा-जाणारा थांबून आधी तिला बघतो आणि मग आमच्याकडे बोट करून हसतो. हसू दे. माझी हनुवटी त्यात बरी आली आहे.